सूचना: जीमॅटच्या डेटा सफिशियन्सी सरावाबाबत

सर्व सभासदांना,

जीमॅट ही एमबीएसारख्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा. तिच्यातल्या डेटा सफिशियन्सी प्रश्नात एक प्रश्न आणि दोन विधाने असतात; उत्तर द्यायला ती विधाने पुरेशी आहेत का, एवढेच ठरवायचे असते. हे प्रश्न ज्यात येतात त्या डेटा इनसाइट्स विभागात २० प्रश्नांना ४५ मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे सव्वादोन मिनिटे मिळतात. तरी सुरुवातीला घड्याळ बाजूला ठेवा. आधी पद्धत पक्की होऊ द्या. पहिले विधान तपासले की ते हाताने झाका, मगच दुसरे वाचा. घात इथेच होतो: पहिल्यातली माहिती नकळत दुसऱ्यात मिसळते.

उदा. क्षची किंमत किती? (१) क्षचा वर्ग ९ आहे. (२) क्ष धन आहे. पहिल्यातून ३ आणि उणे ३ दोन्ही निघतात, म्हणून अपुरे. दुसरे एकटेही अपुरेच. दोन्ही मिळून पुरेसे. म्हणून उत्तर पर्याय सी.

हो-नाही प्रश्नात ठाम ‘नाही’ मिळाले तरी विधान पुरेसेच ठरते, हे कृपया विसरू नका. चुकलेला प्रश्न आधी स्वतः पुन्हा सोडवा, स्पष्टीकरण नंतर वाचा.