विषय : तळमजल्यावरील गाळ्यातील सुतारकामाची धूळ व नव्या व्यवस्थेसाठी परवानगी

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी.

महोदय,

काम बंद ठेवण्याविषयीची आपली नोटीस मिळाली. ब विंगसमोर वाळत घातलेल्या आमसुलांवर पिवळी भुकटी बसल्याची तक्रार रास्त आहे. ती भुकटी माझ्याच गाळ्यात घासत असलेल्या फणसाच्या फळीची होती. संबंधितांच्या घरी जाऊन मी दिलगिरी व्यक्त केली आहे आणि आमसुले भरून देणार आहे.

पूर्वेच्या झरोक्यात एक्झॉस्ट पंखा बसवून धूळ बाहेर घालवली की झाले, अशी माझी समजूत होती. दुपारी खारे वारे सुटले की तीच धूळ थेट ब विंगच्या दारात जाते, हे सारा जन्म या किनाऱ्यावर काढूनही माझ्या लक्षात आले नाही. आत वापरत असलेल्या, धूळ ओढून घेणाऱ्या कापडी पिशवीच्या मशीननेही माझी अशीच फसगत केली. जमीन स्वच्छ दिसे आणि पिशवी भुशाने टम्म फुगे, पण एका रात्री काम थांबवून दिवे घालवले आणि बॅटरीचा झोत टाकला, तेव्हा त्या झोतात बारीक कण धुक्यासारखे तरंगताना दिसले. रंध्याचा भुगा पिशवीत अडकतो. सँडरची, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राची, बारीक धूळ कापडातून आरपार जाऊन कित्येक तास हवेत राहते आणि श्वासावाटे फुप्फुसात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. त्यामुळे हा प्रश्न जितका शेजाऱ्यांचा, तितकाच माझ्या नाकाचाही आहे.

आता झरोका कायमचा बंद करून हवा आतल्या आतच गाळण्याचा माझा विचार आहे. करवतीच्या पात्याखाली, पात्यावरील झाकणाला आणि सँडरला पाइप जोडून धूळ उडते तिथेच ओढून घ्यायची, आणि ती हवा प्रथम सायक्लोन नावाच्या शंकूसारख्या डब्यात गरगर फिरवायची, म्हणजे जड भुसा खालच्या ड्रममध्ये पडतो आणि फक्त बारीक धूळ पुढच्या हेपा फिल्टरपर्यंत पोहोचते. ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवणारा हा फिल्टर महाग असल्याने तो भुशाने चोंदू न देणे हेच सायक्लोनचे खरे काम आहे. पाइपाला वळणे जितकी जास्त तितकी ओढ कमी, म्हणून धूळ ओढणारे हे मशीन करवतीला लागूनच ठेवीन. जिन्याखालची रिकामी जागा त्यासाठी मागावी असे एकदा मनात आले होते. परंतु बारीक कोरडी धूळ झटकन पेट घेते आणि ती जाण्यायेण्याच्या वाटेखाली साठवणे मलाच पटले नाही. पावसाळ्यात दमट भुसा घट्ट बसतो, सबब ड्रम रोजच्या रोज रिकामा होईल.

या मशीनसाठी माझ्या मीटरवरून १५ अँपिअरची स्वतंत्र लाइन, परवानाधारक वायरमनकडून आणि माझ्या खर्चाने, घेण्याची परवानगी द्यावी. साग, फणस अशा निव्वळ लाकडाचा भुसा संस्थेच्या खतखड्ड्यात ओल्या कचऱ्यावर पसरण्यास उपयोगी पडेल. प्लायवुड आणि एमडीएफमध्ये (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीत) रासायनिक गोंद असल्याने त्यांची भुकटी मात्र वेगळी बांधून कचरा गाडीत देईन.

जोडणी पूर्ण झाल्यावर समितीच्या दोन सदस्यांनी प्रत्यक्ष पाहणी करावी, अशी विनंती आहे. त्या वेळी गाळ्याच्या दाराबाहेर धूळमापक ठेवून सँडर सुरू होण्यापूर्वीचा आणि अर्ध्या तासानंतरचा आकडा आपल्यासमोर नोंदवू. पीएम २.५ चे, म्हणजे हवेतील २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचे, राष्ट्रीय मानक २४ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे. बाजारातल्या साध्या मापकाचा आकडा त्याच्याशी काटेकोर जुळवता येणार नाही, मात्र धूळ वाढली की नाही हे त्यावर नक्की कळेल. वाढलेली दिसल्यास दुरुस्ती होईपर्यंत मशीन सुरू करणार नाही. आपला निर्णय लेखी मिळेपर्यंत गाळ्यात फक्त हातरंधा आणि पटाशी चालेल, सँडर नाही.

आपला विश्वासू,
सभासद, अ विंग, तळमजला