चष्म्याचा नंबर घरी मोजा, मनाने कमी करू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मायनस नंबरचा, म्हणजे दूरचे धूसर दिसते म्हणून लागणारा, चष्मा असलेल्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतो आहे. दिलेल्या नंबरपेक्षा अर्धा-पाऊण कमी नंबरचा चष्मा स्वतःच मागवायचा, मग दर काही महिन्यांनी पाव-पाव नंबर उतरवत न्यायचा, म्हणजे चष्मा सुटतो, असा तो सल्ला. चष्मे आता घरपोच येतात, त्यामुळे दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत कुणालाही हे करून पाहता येते. त्यात खरे किती आणि धोका कुठे, हे सांगणे आम्हा डोळे तपासणाऱ्यांचे कामच आहे.

नंबर घरी मोजता येतो, हे खरे आहे. चष्मा काढा. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. दुसऱ्या डोळ्यासमोर वर्तमानपत्राचा मजकूर धरून हळूहळू लांब न्या. अक्षरांच्या कडा पुसट होऊ लागतील तिथे थांबा आणि डोळ्यापासून कागदापर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. 100 ला त्या अंतराने भागले की नंबर निघतो: 50 सेंटिमीटरला 2, 40 ला अडीच, 25 ला 4. मोजताना डोळे किलकिले केले किंवा अंतर चुकले की उत्तर बिघडते. 20 सेंटिमीटरवर एका सेंटिमीटरची चूक म्हणजे पाव नंबरचा फरक. काच डोळ्यापुढे सुमारे 12 मिलिमीटर असते, त्यामुळे 4 च्या पुढे चष्म्याचा नंबर या हिशेबापेक्षा थोडा जास्तच निघतो. सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतल्या धूसरपणाचा वेगळा नंबर, आणि त्याचा ॲक्सिस, म्हणजे त्या दिशेचा कोन, तर या पद्धतीने कळतच नाही. म्हणून हे मोजमाप नंबर वाढतो आहे का यावर लक्ष ठेवायला वापरावे, काच मागवायला नको.

कमी नंबर लावून नंबर का उतरत नाही? मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. बहुतेकांचा मायनस नंबर डोळा लांबल्यामुळे येतो आणि एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे अडीच ते तीन नंबर. कमजोर काच लावून तो लांबलेला डोळा आखूड होत नाही. मात्र काही आठवडे धूसर पाहिल्यावर मेंदू त्या धूसरपणातूनही अक्षर ओळखायला शिकतो आणि तक्त्यावरची एखादी ओळ जास्त वाचता येते. लोक प्रामाणिकपणे ‘फरक पडला’ म्हणतात ते यामुळे. नंबर तिथेच असतो.

काहींचा नंबर खरोखर कमी होतो, पण तो मुळात जास्त दिलेला असतो. तासन्‌तास जवळचे पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यातला स्नायू आखडतो आणि घाईच्या तपासणीत खोटा मायनस निघतो. जास्त मायनस लावला की अक्षरे बारीक पण काळीभोर दिसतात, आणि रुग्ण ‘हेच छान’ म्हणून मोकळा होतो. म्हणून तपासताना विचारा, ‘पाव कमी केला तर हीच ओळ वाचता येते का?’ येत असेल तर कमीच घ्यायचा. लाल-हिरव्या पाटीवर हिरव्यातली अक्षरे जास्त ठळक दिसली तर मायनस जास्त झाला आहे. मुलांचा पहिला चष्मा हा स्नायू सैल करणारे थेंब टाकून तपासल्याशिवाय करूच नये. थेंबांनंतर साधारण दिवसभर जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी तपासणी नको.

मुलांच्या बाबतीत तर हा प्रयोग नकोच. मलेशियात 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुद्दाम सुमारे पाऊण नंबर कमी दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबर लावणाऱ्यांपेक्षा जास्त वाढला. मुलांसाठी उपयोगी पडते ते रोज दोनेक तास घराबाहेर असणे आणि गरज असेल तर नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली 0.01 ते 0.05 टक्के ॲट्रोपिनचा रात्रीचा थेंब. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने मुले घरात कोंडलेली असतात. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही वर्गातल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो, तेव्हा पाऊस उघडला की त्यांना अंगणात, मैदानावर काढा.

मोठ्यांना कमी नंबर एका ठिकाणी योग्य ठरतो, तो जवळच्या कामाला. चाळिशी ओलांडलेल्या, मायनस 4 नंबरच्या माणसाला 60 सेंटिमीटरवरच्या कॉम्प्युटरसाठी मायनस अडीच पुरतो. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखाच कमी करायचा, सिलिंडर आणि ॲक्सिसला हात लावायचा नाही. ऑनलाइन मागवताना पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधले अंतर, मोजून घेतलेले असू द्या. 4 नंबरच्या काचेचा मध्य 5 मिलिमीटर सरकला की डोळ्यांवर 2 प्रिझमचा (प्रिझम म्हणजे किरण बाजूला वळण्याचे माप) ओढा पडतो आणि डोके दुखते. दोष मग नंबरला दिला जातो.

हा कमी नंबरचा चष्मा लावून गाडी मात्र चालवू नका. लायसन्सच्या अर्जात 25 मीटरवरची नंबरप्लेट दिवसाउजेडी वाचता येते का, असे विचारलेले असते. रात्री बाहुली मोठी होते, अनेकांचे दूरचे आणखी पुसट होते. वर काचेवर पाऊस आणि समोरून ट्रकचे दिवे. गणपतीच्या दिवसांत कशेडी किंवा परशुराम घाटात अर्धा नंबर कमी घालून उतरणारा स्वतःबरोबर दुसऱ्यांचाही जीव पणाला लावतो.

आणखी एक. नंबर अचानक बदलला तर नवी काच करण्याआधी कारण शोधा. रक्तातली साखर वाढली की मायनस वाढतो आणि साखर आटोक्यात आल्यावर उतरतो. साठीच्या पुढे कुणाला एकाएकी चाळिशीशिवाय वाचता येऊ लागले की घरात आनंद होतो, पण बहुधा तो मोतीबिंदू असतो. डोळे सतत चोळणाऱ्या तरुण मुलाचा सिलिंडर भराभर वाढत असेल तर बुबुळ शंकूसारखे होत आहे का, हे तपासावे लागते.

मायनस 6 च्या पुढच्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागचा पडदा तपासून घ्यावा. विजेसारखे चमकणे, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस किंवा नजरेवर बाजूने सावली येणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी निघा. पडदा सुटल्यावरची शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावी सहसा होत नाही, मुंबई, कोल्हापूर किंवा गोवा गाठावे लागते. पडद्याचा मधला भाग सुटण्याआधी तिथे पोहोचले तर नजर वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

आपला,
एक ऑप्टोमेट्रिस्ट वाचक, रत्नागिरी