आधी बाळाचं झबलं वर करून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या चावीच्या खेळण्यांवर लेख आला होता, फोटो झकास होते पण सगळे समोरून काढलेले, आणि प्रत्येकाखाली शंभर वर्षं जुनं, दीडशे वर्षं जुनं असं बिनधास्त छापलेलं. कशावरून? ते कुठेच नाही. ह्याच 'कशावरून'पायी आमच्या घरात मध्यंतरी बरीच गंमत झाली म्हणून लिहायला बसलो.

आमच्याकडे एक रांगणारं बाळ आहे. आजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते, त्यांनी कधीतरी आणलेलं. डोकं आणि हातपाय सेल्युलॉइडचे, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकचे, अंगात झबलं, पोटात पत्र्याची डबी न् तिच्यात स्प्रिंग, चावी दिली की खुरखुर करत रांगत सुटतं. आजी गोकुळाष्टमीला त्यालाच बाळकृष्ण म्हणून मांडायची, त्यामुळे ते खेळणं आहे असं आम्हा भावंडांना कधी वाटलंच नाही. माळा आवरताना परत हाती लागलं तेव्हा भाऊ म्हणाला विचारून तर बघू, म्हणून एका अँटिकवाल्याकडे नेलं, तर त्याने ते उलटंसुद्धा न करता सांगून टाकलं, जर्मन आहे, १८९० च्या आसपासचं, पाच हजार देतो. आता १८९० चं जर्मन असेल तर पाचच हजार का, हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं!

घरी येऊन झबलं वर केलं. पत्र्यावर बारीक इंग्रजी अक्षरं, भिंग धरलं तर 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. विषयच संपला. महायुद्ध हरल्यावर जपान १९५२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होता आणि बाहेरदेशी जाणाऱ्या जपानी मालावर हे शब्द त्याच काळात यायचे, ना आधी ना नंतर. म्हणजे आमचं बाळ आमच्या मोठ्या आत्यापेक्षाही लहान निघालं. आत्या तेव्हापासून त्याला 'अरे' म्हणते.

मग मला नादच लागला. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यात असं होतं की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत पाहिजे, १८९१ पासून ते लागू झालं, म्हणून तेव्हाच्या जपानी मालावर 'निप्पॉन' (जपानी लोक आपल्या देशाला म्हणतात ते नाव) लिहिलेलं सापडतं, पुढे १९२१ मध्ये अमेरिकेनेच सांगितलं की निप्पॉन चालणार नाही, जपान लिहा. जर्मन खेळण्यांवर डी.आर.जी.एम. असं दिसतं आणि लोक ते कंपनीचं नाव समजतात (मीही समजलो होतो), खरं तर ती छोट्या पेटंटसारखी सरकारी नोंदणीची खूण, आणि ही नोंदणीच सुरू झाली १८९१ मध्ये. त्यामुळे ही अक्षरं असलेलं खेळणं कोणी १८७० चं म्हणून विकत असेल तर सरळ उठून यावं. 'यूएस झोन जर्मनी', म्हणजे जर्मनीचा अमेरिकेच्या ताब्यातला भाग, असं असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली काही वर्षं.

पण काहीच छापलेलं नाही म्हणजे फार जुनं, असंही नाही हां, जो माल अमेरिकेला जायचाच नाही त्याला त्या कायद्याचं काय, आणि कित्येकदा नाव फक्त खोक्यावर असायचं, खोकं कोण ठेवतंय! पेटंटच्या तारखेचाही असाच घोळ. जर्मनीतल्या ब्रँडेनबर्गची लेमन कंपनी, १८८१ मध्ये सुरू झालेली, एकेक खेळणं वर्षानुवर्षं काढत राहायची, त्यामुळे पत्र्यावरच्या तारखेच्या आधीचं ते नसणार एवढं कळतं, नंतर किती वर्षांनी बनलं ते त्यावरून कळत नाही.

अक्षरं नसतील तर स्क्रू बघा. प्लसचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे 'व्हिक्टोरियन', म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, म्हणून दाखवलेल्या चावीच्या माकडाच्या पोटात प्लसचा स्क्रू निघाला तर एक तर कोणीतरी दुरुस्ती केलीय नाहीतर माकड कालपरवाचं आहे. पत्र्यावरची छपाई पण भिंगातून बघावी, हल्लीच्या नकलेत रंगाचे ठिपके एकसारखे ओळीत दिसतात, जुन्या लिथो छपाईत ते कसेही विखुरलेले असतात.

सेल्युलॉइड ओळखायला अंगठ्याने जोरात घासायचं, गरम झालं की कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर असतोच. काहीजण तापलेली सुई टोचून बघा सांगतात, कृपा करून हे करू नका, ते भसकन पेटतं. हे कळल्यावर मी आईकडे बघितलं आणि आईने माझ्याकडे, कारण आजीने इतकी वर्षं त्या बाळापासून वीतभर अंतरावर निरांजन लावलेलं.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा खेळण्यांचे फोटो खालून पण काढून छापा, वाचक वय आपलं आपण काढतील. आमच्या बाळाचा फोटो सोबत जोडलाय, झबलं वर करून काढलेला. यंदाच्या अष्टमीलाही तेच मांडणार आहोत, निरांजन मात्र खिडकीत.

तुमचा एक जुना वाचक,
गिरगाव