सूचना : पहिलीत जाणाऱ्या लेकरांच्या पालकांसाठी

कॉन्व्हेंट पक्कं केलं असलं तरी जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून लेकराचं नाव सांगून ठेवा. फी लागत नाही. कॉन्व्हेंटची फी झेपते, पण गाडीभाडं दिवाळीनंतर जड जाते. मग ऐन वर्षात परतावं लागते. तेव्हा टीसी अडली म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5).

आरटीई 25 टक्क्यांचा (याच कायद्यानं खाजगी शाळांत राखीव असलेल्या मोफत जागांचा) ऑनलाइन अर्ज तालुक्याला बसून भरताना नकाशावरचा ठिपका तिथलाच पडतो अन् शाळेचं अंतर चुकते. तो हातानं सरकवून आपल्या घरावर आणा. आर्थिक दुर्बल गटासाठी 1 लाखाच्या आतला तहसीलचा उत्पन्न दाखला लागते. जन्मदाखला व आधारवर नावाचं स्पेलिंग एकच पाहिजे.