राणीसाठी लिहितोय

प्रिय सुध्या,

काल तू पाठवलेला तुझ्या पिल्लाचा फोटो आईला दाखवला, राणी चारही पाय वर करून झोपलीय तो, आई म्हणाली डिट्टो आपला कुत्रा बंड्या. तेव्हाच ठरवलं की कुत्र्याचं दुखणं कसं ओळखायचं ते तुला सगळं लिहून काढायचं, फोनवर बोलताना निम्मं राहून जातं. लांबेल जरा, पण शेवटपर्यंत वाच.

श्रावणात बंड्या आजारी पडला होता हे तुला माहितीय, पण ते कळलं कसं हे आपण कधी बोललोच नाही. आमच्याकडे सकाळी आईची पहिली पोळी फुगली की तो कुठेही असू दे, गच्चीवर असला तरी ओट्यापाशी येऊन बसतो, पाच वर्षांत चुकला नाही. त्या मंगळवारी आला नाही. आई म्हणाली, "हा आज पोळीला आला नाही रे." मी म्हटलं पाऊस चालूय, सुस्तावला असेल. बुधवारी आला पण निम्मी पोळी तशीच टाकली, शेपूट हलवत होता म्हणून मी परत दुर्लक्ष केलं. गुरुवारी गाडीचा आवाज येऊनही गेटवर आला नाही तेव्हा मात्र पोटात गोळा आला, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढुरक्या. तसाच उचलून डॉक्टरकडे नेला. त्यांनी कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघितलं, तीन गोचीड निघाले. आणि मी त्याला रोज ब्रश करत होतो रे, बोटांमध्ये कधी बघितलंच नव्हतं. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खूप खाली, गोचीड ताप. 28 दिवस डॉक्सीसायक्लीन चाललं. वाचला, आता पोळीला येतो. पण ते तीन दिवस मला अजून टोचतात, कारण आईने पहिल्याच सकाळी सांगितलं होतं.

म्हणून तुला पहिलं हेच सांगतो, तुझ्या घरात कोणी, वहिनी असू दे नाहीतर पोरगी, म्हणाली की "आज ही वेगळीच वाटतेय" तर ते खरं धर. कुत्रं दुखणं लपवतं, शेपूट हलवत राहतं, ओरडत नाही. कोपऱ्यात जाऊन बसेल, जिना चढताना एक क्षण थांबेल, पाणी एकदम जास्त प्यायला लागेल, एवढंच दिसतं. आणि राणी लॅब्रॅडॉर आहे, लॅब्रॅडॉरने जेवण नाकारलं तर ती छोटी गोष्ट नाही.

आता ती ठणठणीत आहे तेव्हाच तिचं नेहमीचं काय ते बघून ठेव. हिरडीवर बोट दाबून सोड, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. गाढ झोपलेली असताना एक मिनिट श्वास मोज, छाती वर गेली खाली आली की एक. मोठ्या कुत्र्याचे झोपेत 30 च्या आत असतात, मी बंड्याचे कालनिर्णयवर लिहून ठेवतो. टेम्परेचर त्यांचं मुळातच आपल्यापेक्षा जास्त, 101 ते 102.5, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही, आणि नाक कोरडं आहे का ओलं यावर तर अजिबात जाऊ नकोस. ताप दिसला म्हणून घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नकोस सुध्या, आपल्या गोळ्या त्यांना घातक ठरतात.

पिल्लू आहे तोवर मला जास्त भीती पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची. लसीचा एकही डोस पुढे ढकलू नकोस. उलट्या, मरगळ, आणि रक्ताचे घाण वास येणारे जुलाब दिसले तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं.

आणि हे खास तुझ्यासाठी, कारण तू पिंपळगावला बागेत राहतोस. द्राक्षं कुत्र्याला विषारी असतात, बेदाणे पण. कितीशी खाल्ली की बाधतील हे कुत्र्यागणिक बदलतं, एखाद्याला काही होत नाही आणि एखाद्याची किडनी जाते. आधी काही तासांत उलट्या, मग पडून राहणं, आणि एक-दोन दिवसांनी लघवी कमी व्हायला लागते, तोपर्यंत खूप उशीर झालेला असतो. आता खुडा सुरू होईल, वेलीखाली मणी पडलेले असतात, क्रेट उघडे असतात, आणि मजूर बायका प्रेमाने एखादा घड तिच्यापुढे टाकतील, त्यांना आजच सांगून ठेव. खाल्लेली दिसली तर लक्षणं यायची वाट न बघता लगेच डॉक्टरला फोन कर. मीठ-पाणी पाजून ओकवायला जाऊ नकोस, मिठाचंच विष होतं. फवारणीच्या दिवशी तिला घरातच बांध, बागेतून आल्यावर तोंडातून लाळेच्या तारा आणि अंग थरथरतंय असं दिसलं तर औषधाच्या बाटलीवरचं लेबल सोबत घेऊनच दवाखान्यात जा.

अजून एक. लाळ गळतेय आणि गिळता येत नाहीये असं कुठलंही कुत्रं दिसलं तर घशात हाड अडकलंय समजून तोंडात हात घालायचा नाही, रेबीजमध्येही तसंच दिसतं. पोरांना हे नक्की सांग.

पुढे ती मोठी झाली की पोट ढोलासारखं फुगलंय आणि ओकारी काढतेय पण बाहेर काही येत नाही, असं झालं तर हातातलं काम टाकून पळायचं, त्यात तासही मोठा असतो. पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं नसेल तर माजावर येऊन गेल्यानंतरचे दोन महिने पाणी किती पितेय आणि मागून पू वगैरे येतोय का याकडे लक्ष ठेव, गर्भाशयात पू होतो त्यांना.

रविवारी सकाळी निघतोय, दहापर्यंत पोचेन. डिजिटल थर्मामीटर आणि व्हॅसलीन घेऊन येतो, टेम्परेचर मागून घ्यायचं असतं, पहिल्यांदा मी घेऊन दाखवतो मग तू घे. आईने तिळाच्या वड्या दिल्यात तुमच्यासाठी. तोवर आज रात्री राणी झोपली की श्वास मोज आणि मला आकडा कळव.

तुझा,
विन्या
गंगापूर रोड, नाशिक