आईच्या ऑपरेशनची तारीख मी पुढं ढकलली आहे

पुणे,
रविवार

तीर्थरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे काढलं की आई "जेवलीस का गं" वर येते आणि अण्णा फोन तिच्या हातात देऊन मोकळे होतात, म्हणून लिहायला बसले. अण्णा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

डॉक्टरांनी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दिवाळीनंतरची जी तारीख दिली होती, ती मी काल फोन करून सोडून दिली. संक्रांत झाली की आईला परत दाखवायचं आणि मग ठरवायचं. रद्द केलेलं नाही. आई लगेच विचारेल, पैशाचं काही अडलं का? काही अडलेलं नाही. बाजूला काढलेले पैसे जागच्या जागी आहेत. दादाशीही बोलले, त्याला पटलंय. आई, तू त्या दिवशी बाहेर बाकावर बसली होतीस, तेव्हा डॉक्टरांनी मला दोन्ही वाटा सांगितल्या होत्या. आत्ता करता येईल, म्हणाले. पण पाच-सहा किलो वजन उतरलं आणि मांडीचे स्नायू बळकट झाले तर भुलीचा आणि जखमेचा धोका कमी, नंतर उभं राहणंही सोपं. दुखणं बरंच कमी होऊन ऑपरेशन काही वर्षं लांबूही शकतं. तेवढं होईलच असं वचन मी देत नाही, पण तीन महिने देऊन बघायला काय हरकत आहे? तुला विचारलं असतं तर "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली असतीस आणि रात्रभर जागी राहिली असतीस. म्हणून ठरवून मग सांगते आहे.

पाच-सहा किलोनं काय होणार, असं वाटेल. गुडघ्याचा संधिवात असलेल्या वयस्कर लोकांना चालवून हे मोजलेलं आहे. अंगातलं एक किलो गेलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. पाच किलो गेले तर वीस. गिरणीवर दळायला न्यायचा आपला मोठा डबा भरून जेवढं ओझं होतं, तेवढं दर पावलाला उतरणार. आणि ओट्यापासून देवघरापर्यंत, देवघरापासून अंगणापर्यंत तुझी दिवसभर पावलं चालूच असतात.

अण्णा, आता तुमचं. आईएवढं वजन नाही म्हणून तुम्ही यातून सुटलात असं समजू नका. आपल्याकडच्या माणसाचं वजन काट्यावर बेताचं दिसतं आणि चरबी पोटात साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या एका सहकाऱ्याचा फोटो छापला होता. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचा सारखाच होता, २२.३. पण त्या सहकाऱ्याच्या अंगात चरबी नऊ टक्के आणि याज्ञिकांच्या एकवीस. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी असं धरतात. नव्वद म्हणजे साडेपस्तीस इंच. तुमचं माप तुम्हाला ठाऊक आहे. मला वाईट वाटतं ते पोटाचं नाही, तुमच्या शुगरच्या रिपोर्टचं. नानाकाकांच्या पायाचं आपल्या घरात कुणी बोलत नाही, मीही बोलत नाही. पण रिपोर्ट हातात आला की मला तेच आठवतं.

आता तेलाचं. किराणावाल्या काकांना सांगून ठेवलंय की या महिन्यापासून चार लिटर नाही, दीड लिटर करडीचं तेल द्यायचं.

आई, तू रागावशील आणि तुझा राग मला कळतो. १९७२ ला तू बारा वर्षांची होतीस. दुष्काळी कामावर आजीसोबत खडी फोडायला गेलेली, पदरात सुकडी बांधून आणलेली, आणि त्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीला यायचा तो वास तू अजून सांगतेस. तेव्हा तेल थेंबानं मोजायचे. पुढं घरात भरलेला डबा असणं, आमटीवर तवंग दिसणं, पाहुण्याला आग्रह करून दुसऱ्यांदा वाढणं, यात तू सुख मानलंस, आणि आम्हा दोघांना कशाची वाण पडू दिली नाहीस. शेजारच्या काकू बाटली पाहून काय म्हणतील, हेही तुझ्या मनात येईल. येऊ दे. ही काटकसर नाही. चार लिटर दोघांत म्हणजे माणशी रोज साडेचार मोठे चमचे होतात, आणि एका मोठ्या चमच्यात जवळपास १२० उष्मांक. म्हणजे अडीच भाकरींइतकं तुम्ही रोज तेलातून खाता, आणि त्यानं पोट भरल्यासारखंही वाटत नाही. करडीचं असो की शेंगदाण्याचं, सगळ्या तेलात उष्मांक तेवढेच. फोडणी बंद करू नको, चमच्यानं घाल. पाहुणे आले तर काकांना फोन कर, ते लगेच पाठवतील. तुझ्या दारातून कुणी उपाशी जाणार नाही.

भाकरी सोडायची नाही. ज्वारी आपल्या परभणीचीच, कृषी विद्यापीठानं काढलेल्या 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' या वाणांचा अण्णांना किती अभिमान! पण ज्वारीनं वजन आपोआप उतरतं, असं हल्ली जो तो सांगतो, ते खरं नाही. ज्वारीत आणि गव्हात शंभर ग्रॅमला उष्मांक जवळजवळ सारखेच, सव्वातीनशेच्या आसपास. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि पोट धरून राहते, हा तिचा गुण. तेव्हा दुपारी अण्णांना दोन, आईला दीड, आणि रात्री एकेक. भाताची एक मूद दुपारी, रात्री नको. अर्धं ताट भाजीचं हवं: अंबाडी, चुका, शेपू, मेथी, जे गुजरीत ताजं मिळेल ते, आणि सोबत मुळा-काकडी. शेंगदाण्याचा कूट प्रत्येक भाजीत नको. चटणी चमचाभर, वाटीभर नाही.

वरण मात्र घट्ट करा. या वयात नुसतं कमी जेवलं तर चरबीबरोबर अंगातलं मांसही जातं. माणूस बारीक दिसतो, पण खुर्चीतून उठायला आधार लागतो. तसं मला नको आहे. रोज वाटीभर मूग-मटकीची उसळ, दही किंवा ताक, आणि अण्णांनी डॉक्टरांना विचारून एखादं अंडं खावं. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवायची घाई नाही. वाड्यातले कुणी पावडर घ्या म्हणतील, घेऊ नका. दादा म्हणतो त्या वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं डॉक्टर काय ते बघतील, आपण आपल्या मनानं काही नाही.

एकादशीचंही सांगते. साबुदाणा, बटाटा, दाण्याचा कूट आणि वर तूप, यानं उपास घडत नाही गं आई. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण तूच शिकवलीस. भगर कर, ताक घे, राजगिऱ्याची भाकरी कर. विठोबाला चालतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येईल. पैसे आगाऊ दिलेत, तेव्हा "आज नको" म्हणू नका. तिला पोहे करत बसू नको, तिच्यासमोर व्यायाम कर. खुर्चीत बसून पाय सरळ वर धरायचा, हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं, ओटा धरून टाचा उचलायच्या, एवढंच असतं सुरुवातीला. थोडं दुखेल, ते चालेल. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं तर तिला सांग, अंगावर काढू नको. अण्णांनीही सोबत करायचं. म्हातारपणी तोल जाऊन पडण्याची भीती सगळ्यात मोठी, आणि तोल सांभाळायला ताकद लागते.

अण्णा, "चालायलो की रोज" हे मी ऐकून आहे. काळ्या कमानीपर्यंत जाऊन पारावर तासभर बसणं म्हणजे चालणं नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगानं रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. दीडशे मिनिटं झाली की झालं, मग पारावर खुशाल बसा. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात, आणि जेवणानंतरच्या दहा मिनिटांनी शुगर जास्त चढत नाही. आता थंडी येईल, तेव्हा ऊन पडल्यावर निघा. मार्चनंतर मात्र आपल्याकडे आठलाच अंग भाजतं, तेव्हा पहाटे.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. तुमची एक गोळी शुगर खाली आणणारी आहे. जेवण कमी आणि चालणं जास्त झालं की तीच गोळी जड पडू शकते. म्हणून बदल सुरू करायच्या आधी, याच आठवड्यात, डॉक्टरांना भेटून डोस विचारा. उपाशीपोटी चालायला जाऊ नका. घाम फुटला, हात थरथरले, गरगरलं, तर तिथंच बसून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर तपासा. सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असू द्या. चालायला चपला नकोत, बूटच घाला. रात्री तळपाय आईला दाखवा.

आणि वही ठेवा. दहावीत मला टायफॉइड झाला होता तेव्हा तुम्ही शाळेच्या वहीत दर दोन तासांनी माझा ताप लिहीत होतात, तुमच्या त्या गोल अक्षरात. रात्री डोळा उघडला की कंदील बारीक केलेला आणि तुम्ही घड्याळाकडे बघत बसलेले. आई भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तूप-मीठ घालून भरवायची आणि मी तोंड फिरवलं की पदरानं डोळे पुसायची. ती काळजी आता माझ्या वाट्याची आहे, तेवढी मला करू द्या. वहीत दर सोमवारी सकाळी दोघांचं वजन, महिन्यातून एकदा कंबर, आणि तुमची शुगर लिहा. वाढलं तरी लिहा. मी रागावणार नाही.

तुम्हाला लागेल-सवरेल ते सगळं बघितलंय. न्हाणीत धरायला दांडी बसवायला मिस्त्री येईल. देवघरापुढं ठेवायला उंच खुर्ची पाठवली आहे. देवाला खाली बसून केलेली पूजाच पोचते असं काही नाही. नळाला पाणी येईल त्या दिवशी समोरचा मुलगा बादल्या भरून वर ठेवील. आईनं बादलीला हात लावायचा नाही. चहा दोनदाच, अर्धा कप, आईनं अर्धा चमचा साखर आणि अण्णांनी बिनसाखरेचा. हे सगळ्यात अवघड जाईल, मला ठाऊक आहे. बिस्किटाचे पुडे घरात नकोत, समोर असले की हात जातोच.

दिवाळी बंद केलेली नाही. चकली, अनारसे सगळं करायचं, फक्त निम्मं. मी आल्यावर दोघी मिळून करू, मीच तळते, तू खुर्चीवर बसून सांग.

आई, शेगावच्या महाराजांची पालखी परभणीतून जाते तेव्हा दर वर्षी तू रस्त्याच्या कडेला उभी राहून हात जोडतेस आणि पालखी गंगाखेडच्या रस्त्याला लागली की घरी येतेस. चार पावलं मागं चालावंसं वाटतं, असं तू मावशीला सांगितलेलं मला कळलं. येत्या पालखीला मी सुट्टी काढणार आहे. जमेल तितकं दोघी चालू, मागून अण्णा रिक्षा घेऊन येतील. थकलीस की बसायचं.

डॉक्टरांना भेटून झालं की पुढच्या सोमवारपासून सुरू करा. शुक्रवारी रात्री मी निघते, शनिवारी सकाळी पोचेन. स्टेशनवर येऊ नका, मी ऑटोनं येते.

तुमची,
बबी

ता. क. बुटांचं पार्सल बुधवारी येईल. दुपारनंतर घालून बघा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घट्ट वाटले तर खोक्यासकट तसेच ठेवा, मी बदलून देते.