बाळाचा बाप्तिस्मा इथेच करायचं ठरवलंय

ती. आई-बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. बाळाचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात इथेच, बॉस्टनला, ब्रिमर स्ट्रीटवरच्या आमच्या ॲडव्हेंट चर्चमध्ये करायचं ठरवलंय. तारीखही घेतली. आपल्या पुण्याच्या पंचहौद चर्चमध्ये ज्या कुंडापाशी आजोबांचा, बाबांचा, माझा झाला, तिथेच त्याचाही व्हावा हे तुमच्या मनात होतं, मला काय माहीत नाही? पण बाबांचा गुडघा, आमची रजा, बाळाला एवढ्यात प्रवास नको म्हणणारे डॉक्टर... मेळ बसेना.

बाबा, रागावण्याआधी एवढं वाचा. हे देऊळ परक्यांचं नाही. 1866 साली ऑक्सफर्डजवळ कावलीला तिघांनी संन्यासाचं व्रत घेऊन संघ काढला, तेच कावली फादर: बेन्सन, ओनील आणि ग्राफ्टन. ओनील इंदूरला गेले, तिथेच वारले. ग्राफ्टन मूळचे बॉस्टनचे. ते 1872 मध्ये ह्याच मंडळीचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक झाले. म्हणजे पंचहौदाचे कावली फादर ते हेच! तुम्ही येईल त्या पाहुण्याला टिळक-रानड्यांच्या पंचहौदातल्या 1890 च्या चहाची गोष्ट ऐकवता ना, तशी उपासनेनंतर मी इथे ही ऐकवते. लोकांची कॉफी गार होते.

मंडळी 1844 ची. तेव्हा इथे चर्चमधल्या बाकांना भाडं असायचं. ह्यांनी पहिल्यापासून बाकं सगळ्यांना मोकळी ठेवली. वेदीवरचा क्रूस आणि मेणबत्त्या बघून बिशप ईस्टबर्न इतके भडकले की कित्येक वर्षं फिरकले नाहीत. आई, पास्टोरेट कमिटीची भांडणं काहीच नाहीत गं ह्यापुढे.

आणि हे चर्च ‘एपिस्कोपल’ म्हणवतं, त्या शब्दाला बिचकू नका. बिशप असलेलं चर्च, एवढंच. इंग्लंडच्या राजाच्या निष्ठेची शपथ नको, म्हणून ह्यांचे पहिले बिशप सीबरी 1784 मध्ये स्कॉटलंडला जाऊन अभिषेक घेऊन आले. आपलं चर्च 1970 ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एकीकरणात गेलं, तरी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा, गोतावळा दोघांचा एकच.

नाताळात येतोय, तिकिटं काढलीत. ‘मग तोवर थांबायचं होतं,’ असं आई म्हणेलच. थांबवेना गं. ते आठ दिवस तो काचेच्या पेटीत होता, तेव्हा मी देवाला शब्द दिला होता. बाकीची कारणं नंतर गोळा केली.

झबलं तू पाठवलेलंच घालणार, तुझ्या लग्नाच्या साडीच्या पदराचं. मागचं एक बटण पिवळं पडलंय, बदललं नाही. इथल्या मनोऱ्यातही आठ घंटा आहेत, माणसं दोर ओढून वाजवतात. रविवारी त्या सुरू झाल्या की मी बाबांच्या खांद्यावर असते, नाताळची पहाट, कानटोपी, आणि बाबांचे केस मुठीत.

बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही, हे बाबांनीच शिकवलंय. पण पंचहौदात उपकारस्तुतीला त्याला वेदीपुढे बाबांनीच न्यायचं. त्यासाठी रोज व्यायाम. फिजिओच्या बाई आल्या की झोपेचं सोंग नको.

त्या दिवशी आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ होतील. आई, त्याआधी जेवून, शुगरची गोळी घेऊन बस. उपास धरलास तर मला कळेल. खाली चटईवर बसायचं नाही, दोघांनीही खुर्चीत. व्हिडिओ अडकला तर बाबांनी मोबाईल आपटायचा नाही, खालच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारायची. मी त्याला सांगून ठेवलंय.

तुमची,
बेबी